एका फडात एक पीक

"ताई, आमच्या कोडला कोणी हात तरी लावलाय का?"

वजनकाट्याची सर्व्हिस, म्हणजे काट्याच्या कामाचा प्रोग्रॅम, सांभाळणाऱ्या मुलाचा मेसेज. २०२४ चा मे महिना, जळगावची दुपार, कूलरच्या टाकीतलं पाणी संपलेलं आणि तो नुसताच गरम वारा फेकत बसलेला. पायडँटिक ही आलेला डेटा तपासणारी पायथन भाषेतली लायब्ररी; तिला व्हर्जन एकवरून दोनवर नेणारी पुल रिक्वेस्ट, म्हणजे कोडमधल्या बदलाचा प्रस्ताव, मी जेवणाआधी टाकली होती. कळण्याची भाकरी नि ठेचा खाऊन परत येऊन बघते, तर सीआयच्या, म्हणजे आपोआप चालणाऱ्या टेस्टच्या, पानावर लालच लाल. त्या लालात त्याचीही सर्व्हिस होती, आणि तिच्या फोल्डरमध्ये कित्येक आठवड्यांत एक ओळ बदललेली नव्हती. मुलगा रावेरकडचा, बोलायला गरीब. भांडला असता तर बरं झालं असतं, भांडणाऱ्याला काहीतरी उत्तर देता येतं. याने फक्त विचारलं होतं. मी उत्तर लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं, आणि शेवटी "नाही लावला. बघते," एवढंच पाठवलं. रात्री गच्चीवर अंथरूण टाकलं तरी तो प्रश्न उशाशी होताच. फरशी अजून तापलेली होती, झोप तशीही येणार नव्हती.

आमचं काम केळीच्या खरेदीचं. काट्याची पावती, गाडीभाडं, शेतकऱ्याचं पेमेंट, शीतगृहातला साठा आणि घडाचा फोटो बघून प्रत, म्हणजे दर्जा, ठरवणारं एक एआय मॉडेल. पूर्वी प्रत्येकाचा रेपो, म्हणजे कोडचं कोठार, वेगळा होता. सगळ्यांना लागणाऱ्या गोष्टी 'कॉमन' नावाच्या लायब्ररीत: आयएफएससी तपासणं, रक्कम गोल करणं, पावतीची मॉडेल्स (हे एआय नव्हे; पावतीत कुठले रकाने, कुठल्या प्रकारचे, याचे पायडँटिकमधले साचे). ती लायब्ररी आम्ही आतल्या पॅकेज सर्व्हरवर व्हर्जनचा आकडा लावून ठेवायचो. ज्याला वाटेल त्याने, वाटेल तेव्हा नवीन घ्यावी. कोणालाच कधी वाटत नसे. राउंडिंगमधली चूक कॉमनमध्ये दुरुस्त झाली तरी पेमेंटवाल्यांकडे जुना आकडा, भाडेवाल्यांकडे त्याहून जुना. एकाच गाडीचे दोन हिशेब रुपया-दोन रुपयांनी जुळत नसत आणि दोघेही आपापल्या फाइलीत बोट ठेवून "आमचं बरोबर आहे" म्हणत. खरंच बरोबर असायचं दोघांचं. म्हणून सगळं उचलून एका रेपोत आणलं. कॉमनला आता आकडाच नाही, मेन ब्रँचच्या टोकावर जे आहे तेच कॉमन. बदल करणाऱ्याला त्याच पुल रिक्वेस्टमध्ये दिसतं की कोणाचं काय मोडलं. हे मला तेव्हा पटलं होतं, आजही पटतं.

घरच्या लायब्ररीचा प्रश्न त्याने सुटला. बाहेरच्या लायब्रऱ्यांचा मात्र चिघळला.

कारण पायथनचा एक हट्ट आहे. चालू प्रोसेसमध्ये एका नावाचं पॅकेज एकदाच लोड होतं. लोड झालेल्यांची जी यादी असते, सिस डॉट मोड्यूल्स, तिच्यात 'पायडँटिक' या नावाला जागा एकच. नोडवाल्यांकडे, म्हणजे जावास्क्रिप्टवाल्यांकडे, प्रत्येक पॅकेज आपल्या फोल्डरात आपली वेगळी प्रत बाळगू शकतं, मग तिथे एकाच वेळी तीन व्हर्जन्स सुखाने राहतात (डिस्क भरते, ते वेगळं). आपल्याकडे कॉमनला पायडँटिक एक हवं आणि रिपोर्टवाल्यांच्या नव्या फ्रेमवर्कला दोन हवं म्हटलं की रिझॉल्व्हर, म्हणजे सगळ्यांच्या अटींत बसणारी व्हर्जन्स शोधणारा भाग, सरळ हात वर करतो. पूर्वी तोही करत नसे. नोव्हेंबर २०२० मध्ये पायथनची पॅकेजं बसवणाऱ्या पिपचं २०.३ आलं आणि त्यात नवा रिझॉल्व्हर आला; त्याआधी पिप जे पहिलं सापडेल ते बसवून मोकळं व्हायचं, फार तर एक वॉर्निंग. नव्या रिझॉल्व्हरला तेव्हा लोकांनी भरपूर शिव्या घातल्या, "आधी तर चालत होतं" म्हणून. आधी दिसत नव्हतं, एवढंच. आणि न दिसणारं काय काय असतं, ते फेब्रुवारी २०२२ मध्ये मार्कअपसेफ नावाच्या छोट्या लायब्ररीने दाखवलं. २.१.० मधून त्यांनी 'सॉफ्ट_युनिकोड' नावाचं एक फंक्शन काढलं आणि जुन्या जिन्जावर (ही टेम्प्लेटची लायब्ररी) उभे असलेले बिल्ड ठिकठिकाणी पडले. ज्यांचे पडले त्यांच्यापैकी कित्येकांनी मार्कअपसेफ हे नाव आपल्या फाइलीत कधी लिहिलेलंच नव्हतं. ते जिन्जाच्या मागून घरात आलेलं. म्हणून तर लॉक फाइल लागते: आपण मागितलेलं, त्याने मागितलेलं, त्याच्याही मागून आलेलं, सगळ्यांचा नेमका आकडा आणि हॅश, म्हणजे फाइल तीच आहे हे ताडायची खूण.

त्याच आठवड्यात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, होती. मी लॅपटॉपसकट माहेरी गेले. माहेर साक्री तालुक्यातलं, पांझरेच्या काठचं. अंगणातल्या निंबाला झोका, आत खापरावरच्या पुरणपोळ्यांचा खरपूस वास, आमरसाच्या पातेल्यावर फडकं आणि फडक्यावर माश्या. ओसरीवर पुल रिक्वेस्ट उघडून बसले तर नाना, म्हणजे माझे काका, डोकावले. "काय करी राह्यनी वं माय, सणना दिन?" आता काय सांगायचं? म्हटलं, नाना, आम्ही दहा-बारा जण एकाच ठिकाणाहून सामान घेतो. एकाला नवीन हवं, दुसऱ्याला जुनंच बरं, आणि दोन्ही ठेवायला जागा नाही. नानांनी चष्मा कपाळावर सरकवला, पडद्यावरचं लाल बघितलं आणि जणू रोजचीच गोष्ट असावी तसं म्हणाले, "फडमा ज्यानी त्यानी मरजी चालत नही."

फड मी लहानपणापासून बघितला होता, पण बघितला होता म्हणजे त्यातून धावले होते. नाना फडाच्या कारभारात कित्येक वर्षं होते, म्हणून त्यादिवशी नीट विचारून घेतलं. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, आणि पाटाखालचं बागायत तीन-चार फडांत वाटलेलं. एका फडात त्या वर्षी एकच पीक. ऊस तर सगळ्यांचा ऊस, गहू तर सगळ्यांचा गहू. पाणी फिरवायला पाटकरी, पीक राखायला जागल्या, वर हवालदार. पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर ही पद्धत तीनशेहून अधिक वर्षं चालत आल्याचं अभ्यासक सांगतात. मी नानांना विचारलं, गव्हाच्या फडात एखाद्याने आपल्या तुकड्यात ऊस लावला तर काय बिघडलं? जमीन त्याची आहे. नाना म्हणाले, बिघडतं ते गहू निघाल्यावर. सगळ्यांचं शेत मोकळं, आणि ह्याच्या एकट्याच्या उसासाठी पाट चालू ठेवायचा, पाटकऱ्याने तेवढ्यासाठी हिंडायचं, जागल्याने तेवढाच तुकडा राखायचा. खर्च सगळ्या फडावर, साखर एकट्याची.

आमच्या रेपोत असा ऊस होता. फोटोवरून प्रत ठरवणाऱ्या मॉडेलला एक जुनी लायब्ररी लागायची आणि तिने नमपायला, म्हणजे आकडेमोडीच्या लायब्ररीला, 'दोनच्या खाली' अशी अट घातलेली. आखाजीनंतर सव्वा महिन्याने, १६ जून २०२४ ला, नमपाय २.० आलं. २००६ च्या १.० नंतरचं हे पहिलं मोठं व्हर्जन, आणि त्यात एबीआयच, म्हणजे कंपाइल झालेल्या कोडची एकमेकांशी जुळायची पद्धतच, बदललेली; त्यामुळे एकवर कंपाइल केलेली व्हील्स (तयार पॅकेजं) दोनवर चालायचीच नाहीत. मॉडेलवाल्यांची ती लायब्ररी नव्याने कंपाइल करून देणारं कोणी उरलेलं नव्हतं. सगळ्या रेपोला लॉक एक असेल, तर त्या एका अटीने भाडेवाले, पेमेंटवाले, साठावाले, सगळेच नमपाय एकवर अडकणार. युव्ही या पॅकेज सांभाळणाऱ्या साधनाच्या वर्कस्पेसमध्ये हेच होतं: आतले प्रोजेक्ट कितीही असोत, लॉक फाइल एक. पँट्ससारख्या साधनात वेगवेगळे लॉक ठेवता येतात. कंपनीत वाद पेटला तो यावरच. एक म्हणे सगळ्यांना एकच लॉक, दुसरा म्हणे प्रत्येक सर्व्हिसला आपापला. मी पहिल्या बाजूला होते आणि मोठ्याने होते.

नानांच्या बोलण्यात मला अडखळायला लावलं ते 'तीन-चार फड' यांनी. गावानेसुद्धा सगळ्या शिवाराला एकच पीक लावलेलं नव्हतं. प्रत्येकाला एकेक लॉक दिला की आपण पुन्हा रुपया-दोन रुपयांच्या भांडणात, आणि सगळ्यांना मिळून एक दिला की मॉडेलवाल्यांची गुलामी. मध्ये थोडे फड. रेघ कुठे मारायची, तेही त्यातून सुचलं: जे कोड एका प्रोसेसमध्ये चालतं, किंवा एकमेकांना पायडँटिकची मॉडेल्स थेट देतं-घेतं, ते एका फडात. फोटो बघणाऱ्या मॉडेलची सर्व्हिस बाकीच्यांशी फक्त एचटीटीपीवर, म्हणजे नेटवर्कवरून, बोलते. तिला वेगळा फड दिला तर कोणाच्या पाटाला धक्का लागत नाही. आणि मग कॉमनचं काय? बहुतेक घरांचा तुकडा प्रत्येक फडात थोडा थोडा असतो, तसं कॉमन दोन्हीकडे आहे. म्हणजे कॉमनला दोन्ही पिकं घेता आली पाहिजेत. तिने 'नमपाय अमुकच' असं म्हणायचं नाही. 'एवढ्यापासून पुढे' म्हणायचं, आणि जमलं तर नमपाय मागायचंच नाही. नेमका आकडा लॉकमध्ये, सर्व्हिसच्या बाजूला. लायब्ररीने वरची मर्यादा लिहून ठेवायची सवय मला अजिबात आवडत नाही. 'दोनच्या खाली' लिहिणारा पुढचं काही माहीत नसताना पुढच्यांचा रस्ता बंद करतो, आणि बहुतेकदा त्यानंतर नोकरी बदलतो.

पण खरी गोष्ट पाटातल्या गाळाची. हंगामाआधी पाट साफ करायला घरटी माणूस यायचा, हे सांगताना नानांचा आवाज बदलला. पाण्याच्या पाळीपेक्षा त्याच गोष्टीवर सभेत जास्त कडाक्याची भांडणं व्हायची म्हणे. पाणी सगळ्यांना हवं, फावडं कोणाच्या हातात? गूगलमध्ये सगळ्या रेपोत बाहेरच्या लायब्ररीचं एकच व्हर्जन ठेवायचा 'वन व्हर्जन रूल' आहे, त्याचे दाखले आमच्याकडे मीटिंगमध्ये सारखे दिले जातात. त्याच्या जोडीला त्यांच्याकडे आणखी एक नियम आहे, 'चर्न रूल': पायाभूत गोष्ट बदलणाऱ्या टीमनेच वापरणाऱ्यांना नव्यावर नेण्याचं काम उचलायचं. हा दाखला मीटिंगमध्ये कोणी देत नाही. रावेरच्या मुलाचा प्रश्न मला तिथे सापडला. त्याच्या फडातलं पीक मी बदलत होते, तो बोलावणं नसताना फावडं घेऊन उभा होता, आणि वर मला विचारत होता की ताई, आमचं काय चुकलं?

सोमवारी मी ती मोठी पुल रिक्वेस्ट बंद केली आणि काम तुकड्यांत घेतलं. पायडँटिकवाल्यांनी एक सोय मुद्दाम ठेवलेली आहे. ३० जून २०२३ ला दोन आलं तेव्हा त्याचा गाभा रस्ट भाषेत नव्याने लिहिलेला होता, पण त्याच पॅकेजच्या पोटात जुनं एकसुद्धा 'पायडँटिक डॉट व्ही१' या नावाने ठेवलेलं. म्हणजे लॉकमध्ये दोन आणायचं, सगळ्या सर्व्हिसेसचे इंपोर्ट डॉट व्ही१ कडे वळवायचे, कोणाचंच वागणं बदलत नाही, आणि मग एकेकीला नव्यावर न्यायचं. अडचण एकच: जुन्या मॉडेलच्या आत नवं मॉडेल बसत नाही. त्यामुळे काही काळ कॉमनमध्ये पावतीची मॉडेल्स दोन्ही पद्धतींची ठेवावी लागली, आणि ती जोडी बघून रोज माझं डोकं उठायचं. एकेका सर्व्हिसच्या माणसाशेजारी बसायचं, असं ठरवलं. ठराविक गोष्टी पटकन व्हायच्या. बम्प-पायडँटिक नावाचं टूल बरंचसं यांत्रिक काम करतं. बेससेटिंग्ज (सेटिंग्ज वाचणारा भाग) आता वेगळ्या पॅकेजात गेलंय, ते न बदलल्यास सर्व्हिस उभीच राहत नाही, म्हणजे लपत तरी नाही. 'रेजेक्स'चं 'पॅटर्न' झालं. 'डॉट डिक्ट' अजून चालतं, फक्त कुरकुरतं. 'ऑप्शनल'ने मात्र भाडेवाल्यांना छळलं: जुन्यात 'वजावट' हे फील्ड ऑप्शनल लिहिलं की ते न पाठवलं तरी चालायचं, गुपचूप 'नन', म्हणजे काहीच नाही, असं धरलं जायचं. नव्यात ऑप्शनल म्हणजे नन चालेल, पण फील्ड पाठवा. डीफॉल्ट हवा तर तसं लिहा.

काट्याची सर्व्हिस मी शेवटी ठेवली होती. तिथे मोडलेलं फील्ड होतं गट नंबर. कॉमनमध्ये ते पहिल्यापासून स्ट्रिंग, कारण सातबारावर गट १४७/२अ असाही असतो. टेस्टमध्ये काट्यावरच्या फोनवरून आलेल्या खऱ्या रिक्वेस्ट्स साठवलेल्या होत्या, आणि त्यात फोन पाठवत होता नुसता आकडा, १४७, अवतरणाशिवाय. जुनं पायडँटिक हा आकडा काही न बोलता स्ट्रिंगमध्ये बदलून घ्यायचं. नवं म्हणतं, 'इनपुट शुड बी अ व्हॅलिड स्ट्रिंग'. मी मुलाला सांगितलं, एक सेटिंग आहे, 'कोअर्स_नंबर्स_टू_स्ट्र'. ट्रू कर, पाच मिनिटांत हिरवं होईल. त्याने मान हलवली, पण टाइप केलं नाही. म्हणाला, "ताई, एक मिनिट. फोनवाला आकडा का पाठवतोय?" आणि त्याने ॲपचा तो स्क्रीन उघडला. गट नंबरच्या रकान्याला नंबरचा कीपॅड लावलेला. त्यावर तिरकी रेघ नाही, अक्षर तर नाहीच. काट्यावरच्या माणसाने कितीही मनात आणलं तरी १४७/२ टाइप करता येणार नव्हतं. मग तो १४७ टाकायचा आणि पुढची गाडी घ्यायचा. वाटणी झालेल्या भावाभावांच्या बागा आमच्या रिपोर्टात कधीपासून एकाच गटावर जमा होत होत्या, एकाची मृगबाग (पावसाळ्याच्या तोंडाशी लावलेली केळी) नि दुसऱ्याची कांदेबाग (पावसाळा सरताना लावलेली केळी) एका ओळीत. पावतीवर नाव बरोबर होतं म्हणून पैसे चुकले नाहीत, आणि पैसे चुकले नाहीत म्हणून कोणी ओरडलं नाही.

आम्ही दोघं थोडा वेळ नुसते बघत बसलो. मग तो हसला, मला मात्र हसू आलं नाही. हा शोध अपग्रेडचा म्हणावा, तर अपग्रेड करताना कोणाच्याही मनात गट नंबर नव्हता. आणि सेटिंग ट्रू केली असती तर तेही दिसलं नसतं, सुचवलेली मीच. पुढे मीटिंगमध्ये कोणीतरी "बघा, अपडेट ठेवण्याचे फायदे" म्हणून ही गोष्ट सांगितली. मला ते पटलं नाही. फायदा झाला तो शेजारी बसून एकाने "का" विचारल्याचा, आणि ते कोणत्याही मंगळवारी झालं असतं.

अपडेट सारखे करावेत, या मताची मात्र मी आहे. कारण साधं आहे: डॉट व्ही१ ची सोयसुद्धा कायमची नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये पायथन ३.१४ आलं, आणि पायडँटिक एकचा गाभा त्यावर चालत नाही. म्हणजे जुन्यावर बसून राहिलात तर पायथनही जुनंच, आणि मग एका दिवशी सगळं एकदम बदलायची पाळी. म्हणून आता आमच्याकडे रेनोव्हेट नावाचा बॉट दर सोमवारी सकाळी पुल रिक्वेस्ट उघडतो. छोट्या पॅचच्या सगळ्या एका गठ्ठ्यात, मोठ्या व्हर्जनची एकेक वेगळी, आणि मोठीला पुढाकार घेणाऱ्याचं नाव लागल्याशिवाय ती मर्ज होत नाही. टेस्ट चालवताना डेप्रिकेशनची ('हे पुढे बंद होणार' अशी) वॉर्निंग एरर धरली जाते. पहिले काही आठवडे लोक वैतागले होते. एकाने तो फ्लॅग हळूच काढला, मी तो हळूच परत टाकला. आता दोघंही त्याबद्दल बोलत नाही.

नानांच्या गावात फडाचं आता पूर्वीसारखं नाही. ज्याची विहीर, ज्याचा बोअर, तो सभेला येत नाही. आला तरी मागे उभा राहून तंबाखू मळतो. नाना याबद्दल रागावून बोलतात, पण त्यांच्या स्वतःच्याही मळ्यात बोअर आहे, आणि उन्हाळ्यात त्याच्याच पाण्यावर त्यांचा कांदा निघतो. मी हे एकदा बोलून दाखवलं तर म्हणाले, "मंग काय करू?" माझ्याकडेही उत्तर नव्हतं.

आमच्या रेपोत सध्या दोन लॉक आहेत. मॉडेलवाले अजून नमपाय १.२६ वर आहेत आणि त्यांचा फड कधी मोडायचा याची तारीख फाइलीत लिहिलेली आहे. ती एकदा पुढे ढकललेली आहे, तेही लिहिलेलं आहे. गेल्या आठवड्यात त्यांच्यातलाच एक जण आला. हाताने लिहिलेल्या जुन्या पावत्या वाचायला त्याला एक नवी लायब्ररी हवी आहे, आणि ती या दोन्ही लॉकमध्ये बसत नाही. तिसरा लॉक द्या म्हणतो. मी विचारलं, त्याचे सिक्युरिटी पॅच कोण घेणार, पायथन बदलताना कोण बसणार, तुझं नाव लिहू का? तो म्हणाला, "ताई, तुमची प्लॅटफॉर्म टीम कशाला आहे मग?" प्रश्न चुकीचा नाही. रावेरचा मुलगा बाजूच्या टेबलावर बसून ऐकत होता. तो म्हणाला, आधी ती लायब्ररी वेगळ्या कंटेनरात चालवून बघ, पावत्या तरी वाचते का ते कळू दे. त्यावर आता सोमवारी बसायचं ठरलंय.